ॲक्रिंग्टनला जा

चि. बाळूस,


तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘या मोसमात ईएफएल ट्रॉफीच्या एकाही मॅचला जाणार नाही, घरच्या मैदानावर नाही आणि बाहेरगावी तर नाहीच. मंगळवारच्या रात्री ॲक्रिंग्टनच्या पावसात उभं राहून कुणाचं भलं होणार आहे?’ असं तू लिहितोस. पहिल्या वाचनात तुझा राग पटला. दुसऱ्या वाचनात ‘बाहेरगावी तर नाहीच’ या तीन शब्दांवर अडकलो आणि तिथून मन निघेना. तू विचारलंस एवढंच, की मामा, माझं चुकतंय का? उत्तर एका ओळीत देता येईल: निम्मं बरोबर आहे, निम्मं साफ चूक. पण एका ओळीवर मी थांबत नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा मोबाइल बाजूला ठेव आणि नीट बसून वाच.

आधी बरोबर असलेलं निम्मं. ईएफएल ट्रॉफी हा इंग्लिश फुटबॉलचा कप १९८३-८४ च्या मोसमात सुरू झाला तो तिसऱ्या आणि चौथ्या डिव्हिजनच्या क्लबांसाठी. ज्यांना एफए कपच्या फायनलचं स्वप्नही परवडत नाही, त्यांना वेंब्लीवर एक दिवस मिळावा, एवढा साधा सरळ हेतू. प्रायोजक बदलले तशी नावं बदलली. कधी मालवाहू गाड्यांच्या कंपनीचं, कधी मोटारीच्या काचांचं, कधी रंगाच्या डब्यांचं, कधी पिझ्झ्याचं. लोकांनी नावाकडे पाहिलं नाही. १९८८ ला वुल्व्ज आणि बर्नली या चौथ्या डिव्हिजनच्या दोन क्लबांची फायनल बघायला वेंब्लीवर ८०,८४१ माणसं होती. मग २०१६ ला या कपात मोठ्या क्लबांचे १६ तरुण संघ घुसवले. त्याआधी दोनच वर्षं, २०१४ ला, इंग्लिश एफएच्या आयोगाने मोठ्या क्लबांच्या ‘ब’ संघांना थेट लीगमध्ये जागा देणारी वेगळी डिव्हिजन सुचवली होती आणि छोट्या क्लबांच्या पाठीराख्यांनी ती हाणून पाडली होती. त्यामुळे समोरच्या दारातून जमलं नाही ते मागच्या दारातून आणलं, हा संशय तुझ्या एकट्याच्या डोक्यातला नाही, आणि तो बिनबुडाचाही नाही. स्पेनमध्ये असे ‘ब’ संघ वर्षानुवर्षं खालच्या डिव्हिजनांत खेळतात. १९८० च्या त्यांच्या कपच्या फायनलला रिआल माद्रिदसमोर उभा होता माद्रिदचाच दुय्यम संघ, कास्तिया. निकाल ६-१. एकाच घराण्याने दोन्ही बाजूंनी फायनल खेळायची, तर बाकीच्या गावांनी काय करायचं?

आणि नियम तरी कसे केले! कप भरदार वाटावा म्हणून २०१६-१७ ला छोट्या क्लबांनी नेहमीचे किमान पाच खेळाडू सुरुवातीला उतरवलेच पाहिजेत, नाहीतर दंड, असा नियम होता. पोर्ट्‌समथ आणि ल्यूटनला त्या पहिल्याच मोसमात दंड झाला. तुझ्या ब्रॅडफर्ड क्लबाने २०१६ च्या नोव्हेंबरात बरी या क्लबाच्या मैदानावर नेहमीचा गोलकीपर उतरवला आणि तिसऱ्या मिनिटाला परत बोलावला, कारण संख्येची अट तेवढ्याने पुरी झाली. तीन मिनिटं उभा राहून तो माणूस हातमोजे काढत बाहेर आला. पाहुण्या पोरांना मोकळीक आणि घरच्यांना दंड, ही व्यवस्था अन्यायाची आहे. इथवर मी पूर्ण तुझ्या बाजूला आहे.

आता चुकलेलं निम्मं. बाळू, तू या कपाची रचना नीट पाहिली नाहीस. प्रत्येक गटात चार संघ: तीन खरे क्लब, एक मोठ्या क्लबाचा तरुण संघ. सगळे एकमेकांशी एकेकदा खेळतात, आणि तो तरुण संघ गटातल्या तिन्ही मॅच बाहेरच खेळतो. म्हणजे ब्रॅडफर्डची त्याच्याशी गाठ पडणार ती घरच्या मैदानावर, व्हॅली परेडवर, तुझ्या घराजवळ. आणि गटात ब्रॅडफर्ड जेव्हा बाहेरगावी जाणार, तेव्हा समोर असणार तुझ्यासारखाच एक खरा क्लब, त्याच्या स्वतःच्या गावात, स्वतःच्या मैदानावर. तुझा निषेध ज्याच्याविरुद्ध आहे तो ॲक्रिंग्टनला भेटणारच नाही. घरच्या त्या एका मॅचला जाऊ नकोस, खुर्ची रिकामी ठेव, ते मला मान्य आहे. पण ॲक्रिंग्टनला न जाऊन तू कुणाला धडा शिकवणार? ज्या क्लबाने १९६२ ला पैशांअभावी अर्ध्या मोसमात लीग सोडली, जो पार बुडाला, १९६८ ला नव्याने उभा राहिला आणि २००६ ला लीगमध्ये परतला, त्याच्या गेटवरचं तुझं तिकीट तू कापतोस. चाळीस वर्षं झगडून परतलेल्या माणसाच्या दारावरून न बोलता पुढे जाण्यासारखं आहे हे.

तू म्हणशील, बहिष्कार अर्धवट चालत नाही. एकही तिकीट विकलं गेलं तरी वरचे लोक म्हणणार, बघा, कप लोकप्रिय आहे. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. २०१९ च्या फायनलला पोर्ट्‌समथ आणि संडरलंडने ८५,०२१ माणसं आणली, आणि असा आकडा कुणीही आपल्या सोयीने वापरू शकतो. पण उलट बाजूचा पुरावाही बघ. २०१६-१७ च्या गटफेरीत स्टँड ओस पडले होते, कित्येक ठिकाणी गर्दी शेकड्यांतच मोजावी लागली. मोसम संपल्यावर काय झालं? क्लबांनीच मत देऊन ती व्यवस्था चालू ठेवली, आणि ती पोरं अजून तिथेच आहेत. याचा अर्थ रिकाम्या खुर्चीत ताकद नाही असा मी काढत नाही. अर्थ एवढाच, की हात वर करतो तो तुझा क्लब, प्रेक्षक नव्हे. तेव्हा दबाव आणायचा तो ब्रॅडफर्डच्या ऑफिसवर, पाठीराख्यांच्या सभेत उभं राहून, नावानिशी पत्र लिहून. ‘आमच्या क्लबाने मत कुठे टाकलं?’ हा प्रश्न तू कधी विचारलास? नसशील, तर आधी ते कर. घरी बसून राहणं त्यापेक्षा सोपं आहे, आणि सोपं आहे म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते.

आता बाहेरगावच्या मॅचबद्दल, कारण खरं दुखणं तिथे आहे. घरच्या मैदानावर माणूस शेजारामुळे जातो, बापामुळे जातो, मोसमाचं तिकीट आधीच काढलंय म्हणून जातो. बाहेरगावी जाणाऱ्याला यातलं काहीच ढकलत नाही. तो ठरवून जातो. म्हणून एखादा क्लब जिवंत आहे की नाही हे मी त्याच्या पाहुण्या स्टँडवरून ओळखतो. तुझ्याच क्लबाचा पुरावा देतो. २०१५ च्या जानेवारीत एफए कपात ब्रॅडफर्ड चेल्सीला गेलं, तेव्हा ते तिसऱ्या स्तरावर आणि चेल्सी लीगमध्ये पहिल्या जागी. एफए कपात पाहुण्यांना मैदानाच्या पंधरा टक्क्यांपर्यंत जागा मागता येते, म्हणून जवळजवळ सहा हजार माणसं वेस्ट यॉर्कशरहून लंडनला गेली. दोन गोल खाल्ल्यावर चार गोल केले. त्या सहा हजारांनी गोल केले असं मी म्हणत नाही. पण दोन गोलांनी मागे पडल्यावर स्टँडचा तो कोपरा रिकामा असता, तर त्या अकरा जणांनी वळून पाहायचं कुणाकडे? आणि ल्यूटन. २००८-०९ ला त्यांचे तीस गुण कापले. क्लब लीगमधून बाहेर फेकला जाणार हे दिसत असताना चाळीस हजारांच्या आसपास ल्यूटनकर या तुझ्या नावडत्या कपाच्या फायनलसाठी वेंब्लीला गेले, आणि स्कंथॉर्पला ३-२ ने हरवून आले. त्याच महिन्यात क्लब लीगमधून गेला. चौदा वर्षांनी, २०२३ ला, तो प्रीमियर लीगमध्ये पोचला. मधल्या अंधारात धरून ठेवायला त्यांच्यापाशी काय होतं, हे त्या दिवसाच्या गर्दीला विचार.

त्याच ल्यूटनच्या केनिलवर्थ रोडवर पाहुण्यांचं दार कसं आहे, आठव. ओक रोडवर लाल विटांच्या घरांची एकसलग रांग. त्या रांगेतच मधे गेट. आत शिरलास की लोखंडी जिना, आणि जिन्यावरून दोन्ही बाजूंना लोकांची परसं दिसतात. वाळत घातलेले कपडे, पोरांची सायकल, कचऱ्याचा डबा. त्या गावाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीजवळून तू मॅचला जातोस. टीव्हीवर हे दिसत नाही, आणि नव्या मैदानांवर, हमरस्त्यालगतच्या त्या पत्र्याच्या पेट्यांमध्ये, हे सापडत नाही. ॲक्रिंग्टनची ती छप्पर नसलेली पायऱ्यांची टेरेसही तसलीच. पावसात भिजायला होतं हे खरं. पण कुठल्या गावात भिजतोय हे तिथे कळतं.

खालच्या स्तराचे कप म्हणजे दुय्यमांचा खेळ, अशी एक ओळ तुझ्या पत्रात आहे. ती खोडून टाक. २०१६ ला संडरलंडची पोरं या कपात पाहुणी म्हणून आली, तेव्हा त्यांचा मोठा संघ प्रीमियर लीगमध्ये होता. दोन मोसमांत दोनदा खाली घसरून तोच मोठा संघ २०१९ ला त्याच कपाच्या फायनलला उभा होता. ॲक्रिंग्टनच्या शेजारचं ब्लॅकबर्न, १९९५ चा प्रीमियर लीग विजेता, २०१० पासून आपल्या पुण्याच्या वेंकीजच्या मालकीचा. त्यांचीही पोरं २०१६ ला निमंत्रित होती, आणि पुढच्याच मोसमात क्लबच तिसऱ्या स्तरावर उतरून या कपात खेळत होता. पोर्ट्‌समथने तर २००८ ला एफए कप जिंकला होता. पाहुणा कोण आणि घरचा कोण, हे दोन वर्षांत उलटतं. म्हणून हा कप नीट राखला पाहिजे; तो कुणाच्या वाट्याला कधी येईल सांगता येत नाही.

आणि ती तुझी ९२ मैदानांची यादी! चारही डिव्हिजनांची सगळी मैदानं बघायची, हा छंद वाईट नाही. पण पत्रात तू लिहितोस की ॲक्रिंग्टनवर खूण आधीच झाली आहे, मग पुन्हा कशाला. हे वाचून मला वाईट वाटलं. मैदान म्हणजे पोस्टाचं तिकीट नव्हे, की एकदा वहीत चिकटवलं आणि झालं. दर वर्षी खालून दोन क्लब यादीत येतात, दोन बाहेर जातात. बरीचं गिग लेनही यादीत होतं. १८८५ चा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये लीगमधून काढून टाकला. ज्या मैदानावर तुमचा गोलकीपर तीन मिनिटं उभा राहिला, तेच हे मैदान. आज तिथे पुन्हा बॉल खेळला जातो, पण तुझ्या यादीपासून फार खाली. खूण केलेलं मैदान पुढच्या वर्षी असेलच, हे तू कशाच्या जोरावर धरून चालतोस?

इथे कोल्हापुरात पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस या फुटबॉल संघांची ईर्षा तुला सांगायला नको. पण सगळे खेळतात शाहू स्टेडियमवर, आणि दोन्ही बाजूंचे पाठीराखे आपापल्या पेठेतून चालत येतात. परक्या गावात आपला रंग घेऊन शिरायचं, तिथल्या लोकांच्या दारावरून जायचं, हरून रात्री परत यायचं, हे इथल्या वेड्यांच्या वाट्याला क्वचित येतं. तुझ्या वाट्याला ते दर पंधरवड्याला येतं, आणि तू ते सोडायला निघालास.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं, लिहितोच. ११ मे १९८५ ला व्हॅली परेडचा लाकडी स्टँड काही मिनिटांत जळाला आणि ५६ माणसं गेली. त्यातली दोन लिंकनची होती. पाहुणी होती. आपला क्लब चढणार नव्हता, कप मिळणार नव्हता; मोसमाची शेवटची मॅच होती, एवढ्यासाठी आली होती. त्या दोघांची नावं लिंकनच्या मैदानावरच्या एका स्टँडला दिली आहेत, आणि ब्रॅडफर्ड-लिंकनचं नातं त्या दिवसापासून वेगळंच आहे. पुढच्या खेपेला लिंकनला गेलास की त्या स्टँडसमोर दोन मिनिटं थांब. बाहेरगावी जाणाऱ्याला त्याच्या गावाने कसं जपलं आहे, ते मग तुला माझ्याकडून ऐकावं लागणार नाही.

मला भीती त्या एका मॅचची नाही. न जाण्याची सवय लागते, बाळू. या मोसमात मंगळवार सुटतील, पुढच्या मोसमात लांबचे शनिवार, मग टीव्ही बरा वाटायला लागेल. तू तिथे एकटा आहेस, आणि पाहुण्यांच्या स्टँडमधली तुझी चार माणसं सोडली तर तुझ्या पत्रांत दुसऱ्या कुणाचं नाव येत नाही. ताईला मी हे बोललो नाही, तूही बोलू नकोस. ती आधीच रात्रभर जागते.

तेव्हा घरच्या त्या मॅचला खुशाल जाऊ नकोस, आणि का गेला नाहीस ते क्लबाला लिहून कळव. ॲक्रिंग्टनला मात्र जा. तिथे पावसात भिजायला होतं, तर नीट जॅकेट घाल, मागच्या हिवाळ्यातला खोकला विसरू नकोस. परतीची शेवटची गाडी किती वाजता ते आधी बघून ठेव. मॅच पेनल्टीपर्यंत गेली तर उशीर होतो. गाडी चुकली तर स्टेशनवर रात्र काढू नकोस, त्या चौघांपैकी कुणाच्या मोटारीत जागा असेल त्याला आधीच विचारून ठेव. घरी पोचलास की कितीही वाजले असले तरी मेसेज टाक. मी जागा असेन.

तुझा,
मामा