चांदवडची हुकलेली आगगाडी

नाशिकाहून आग्रारोडनें ईशान्येस निघालें म्हणजे सुमारें ६४ किलोमीटरांवर सातमाळ्याच्या पायथ्याशीं चांदवड लागतें. रेणुकादेवीचें मंदिर, चंद्रेश्वराचा डोंगर आणि होळकरांचा रंगमहाल हीं येथील स्थळें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. आम्ही मात्र आज वाचकांस येथें नसलेली एक वस्तु दाखवूं इच्छितों. ती म्हणजे आगगाडी! नसलेली वस्तु दाखवणार ती कशी, असें कोणी विचारील. पण वैशेषिकांनीं अभावासहि सातवा पदार्थ मानून पंक्तीस घेतलें आहे, हें त्यांनीं ध्यानांत घ्यावें.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली. १८६५ सालीं थळघाट चढून रूळ इगतपुरीस पोंचले व लौकरच नाशिक आणि मनमाड करून खानदेशांत उतरले. मनमाड चांदवडापासून अवघें २४ किलोमीटर. हमरस्ता चांदवडावरून, होळकरांचें ठाणें चांदवडास. मग लोखंडी रस्त्यानेंच या गांवाकडे पाठ कां फिरवावी?

याचें उत्तर घरांतील मुलांच्या खेळण्यांत सांपडतें. रूळ बसविलेल्या फळीवर चावीची गाडी सोडावी आणि फळीचें एक टोंक हळूहळू उचलावें. थोड्याशा चढावरच चाकें जागच्या जागीं फिरूं लागतात. लोखंडावर लोखंड सहज धांवतें, परंतु त्याच गुणामुळें तें सहज घसरतेंहि. थळघाटांत ३७ फूट पुढें गेलें कीं १ फूट चढ आहे, आणि एवढ्यासाठीं कसाऱ्यास गाडीला मागून जादा इंजिनें जोडावीं लागत आलीं आहेत. चांदवडच्या उत्तरेस राहुडघाट आहे. बैलगाडीनें तो ओलांडला, मोटारीनेंहि ओलांडला. आगगाडीस तो परवडणारा नव्हता. ती निफाड-लासलगांवाकडून वळसा घेऊन डोंगरांतील सखल खिंडीनें मनमाडास गेली. लासलगांव व मनमाड यांच्यामधील स्थानकाचें नांवच 'समिट', म्हणजे माथा, असें आहे. या माथ्याच्या एका अंगाचें पाणी गोदावरीवाटे पूर्वसमुद्रास मिळतें, तर दुसऱ्या अंगाचें गिरणा व तापी यांच्यावाटे पश्चिमसमुद्रास. आगगाडीचा खरा शोकी इंजिनाचा नंबर टिपून थांबत नाहीं; रूळ येथूनच कां गेले हें तो जमिनीस विचारतो. पुण्यास भाऊ जोशी यांनीं उभारलेलें छोट्या रेल्वेचें संग्रहालय पाहणाऱ्या मुलांसहि वडील माणसांनीं हा प्रश्न अवश्य शिकवावा.

चांदवडचें जें हुकलें तें मनमाडास लाभलें. १८७८ त दौंडचा फांटा तेथें येऊन मिळाला, १९०० सालीं निजामाची मीटरगेज गाडी हैदराबादेहून आली. मौज अशी कीं, ज्या होळकरांचा रंगमहाल चांदवडास उभा आहे, त्यांच्याच वंशांतील दुसऱ्या तुकोजीरावांनीं १८७० च्या सुमारास खंडवा-इंदूर लोहमार्गासाठीं सरकारास एक कोटि रुपये १०१ वर्षांच्या मुदतीनें कर्जाऊ दिले! इंदुरास गाडी गेली. चांदवडची वाट बैलांचीच राहिली.

याबद्दल कोणास दोष द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं. डोंगराशीं तक्रार कसली? परंतु रूळ कोठून जावे हें जमीन ठरवीत असली, तरी गाडी कोठें थांबावी हें माणसेंच ठरवितात. ज्या गांवास स्वतःचें स्थानक नाहीं, त्यास शेजारच्या स्थानकावर थांबणारी गाडी हाच आधार असतो. २०२० सालच्या साथींत पॅसेंजर गाड्या बंद पडल्या. पुढें त्यांतील पुष्कळ गाड्या एक्सप्रेसच्या नांवानें व भाड्यानें धांवूं लागल्या, आणि १० रुपयांचें किमान भाडें ३० झालें. जुनें भाडें परत येण्यास फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. दरम्यान १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-शिर्डी वंदे भारत गाडी मागच्या जादा इंजिनावांचून थळघाट चढूं लागली. हें कौशल्य पाहून आम्हांसहि अभिमान वाटतो. तथापि ती गाडी खेरवाडी, उगांव हीं स्थानकें मागें टाकून जाते, आणि फलाटावर पाटी-दप्तर किंवा भाजीची पाटी घेऊन बसलेल्या माणसास तिच्या वेगाचा उपयोग धूळ खाण्यापुरताच होतो.

२ सप्टेंबर २०२४ रोजीं मनमाड-इंदूर हा ३०९ किलोमीटरांचा नवा मार्ग मंजूर झाला. त्यावर ३० नवीं स्थानकें योजिलीं आहेत. होळकरांच्या मुलखाशीं आमचा जुना ऋणानुबंध त्यामुळें पुन्हां जुळेल, ही आनंदाची गोष्ट होय. स्थानक बांधणें हें चुना-विटांचें काम आहे. त्यावर दिवसांतून चार वेळां गाडी उभी करणें हें न्यायाचें काम आहे. पहिलें झालें म्हणजे दुसरें आपोआप होतें, अशा समजुतींत मात्र त्या गांवांनीं राहूं नये.