रिकामा रकाना

गेल्या महिन्यात माझ्या हातून एक गाढवपणा झाला. विषय जरा तांत्रिक आहे, पण वाचा, समजेल.

आम्ही बीएमएसची कामं करतो. म्हणजे मोठ्या इमारतीतले एसी, पंप, जनरेटर वगैरे सगळं एका स्क्रीनवर आणून ठेवायचं. सांगलीत एका हॉस्पिटलची नवी इमारत होती. तिथल्या लसींच्या फ्रिजचं तापमान दर १५ मिनिटांनी आपोआप नोंदलं जावं, एवढंच काम माझ्याकडे होतं. लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात.

या धंद्यात बॅकनेट नावाचं १९९५ सालचं स्टँडर्ड चालतं. त्यात 'ट्रेंड लॉग' असतो. त्याला सांगायचं, काय मोजायचं, किती वेळाने मोजायचं, किती नोंदी साठवायच्या, आणि जागा भरली की काय करायचं. वेळ द्यायची सेकंदाच्या शंभराव्या भागात. १५ मिनिटं हवी असतील तर ९०००० लिहा! (हे ज्याने ठरवलं त्याला एकदा भेटायचंय.) जागा भरल्यावर दोन पर्याय: जुनी नोंद पुसून नवी लिही, नाहीतर थांब.

आता टेस्टिंगला दर वेळी १५ मिनिटं कोण बसणार? मी ६००० टाकलं, मिनिटाला एक नोंद. टेस्टचा डेटा पुसला जाऊ नये म्हणून 'थांब'वर टिक केलं. शुक्रवारी साडेअकराला लॉग सुरू झाला, ग्राफ झकास दिसला, सगळे खूष. मी भडंग घेतलं आणि पुण्याची एसटी पकडली. सेटिंग तसंच राहिलं.

कंट्रोलरमध्ये जागा १००० नोंदींची. मिनिटाला एक म्हणजे १६ तास ४० मिनिटं. शनिवारी पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी लॉग बंद पडला. स्क्रीनवर मात्र चालू तापमान व्यवस्थित दिसत होतं, त्यामुळे कुणाला पत्ताच नाही. मला तर नाहीच.

२३ दिवसांनी, सोमवारी सकाळी ८ वाजता, सिस्टरना फ्रिजवर ११ अंश दिसले. (अलार्मचं काम दुसऱ्या टप्प्यात होतं. हो, मलाही तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं.) लगेच फोन: फ्रिज नक्की किती वाजता बिघडला? किती वेळ ८ च्या वर होता? नेमकं याच प्रश्नासाठी तर त्यांनी आम्हाला पैसे दिले होते.

उत्तर मिळालं ते फ्रिजच्या दारावर चिकटवलेल्या कागदावरून. सिस्टर दोन वेळा हाताने तापमान लिहायच्या. आदल्या संध्याकाळी ७ ला ४ अंश. मधले १३ तास अंधार. डॉक्टरांनी सगळा साठा टाकून दिला.

शुक्रवारी सांगलीला जाऊन माफी मागितली. ऑडिटसाठी महिन्याचा रिपोर्ट मात्र द्यायचा होताच. परतताना बसमध्येच ऑफिसातल्या मित्राचा मेल आला: छोटी स्क्रिप्ट आहे, ४ अंशांच्या आसपास थोडं वर-खाली करून २३ दिवस भरून टाकेल. फ्रिज त्या दिवसांत नीटच चालला असणार, त्यामुळे खोटं तरी काय?

खरं सांगू? मी ती चालवून पाहिली. ग्राफ सुंदर आला.

वाटेत साताऱ्याला उतरलो, घरी. आमचे आबा पाटबंधारे खात्यात होते, कोयनेच्या पाणलोटात पर्जन्यमापकावर. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी मापात ओतायचं आणि मिलिमीटर लिहायचे. कोयनेचं पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिळतं आणि पुढे सांगलीकर आयर्विन पुलाखाली फूट मोजत बसतात. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ च्या वर गेलं होतं. वरचा पाऊस किती झाला, हे खाली किती महत्त्वाचं असेल बघा.

जेवताना सगळं सांगितलं. स्क्रिप्टचंही. आबा म्हणाले, "एकदा ओढ्याला पाणी आलं, मापकापर्यंत जाताच आलं नाही. दुसऱ्या दिवशी बाटलीत दोन दिवसांचा पाऊस. साहेब म्हणाले, अर्धा-अर्धा करून टाका, कुणाला कळतंय."

"मग?"

"मी म्हटलं, साहेब, पाऊस काय अर्धा-अर्धा करून पडतो व्हय? पहिल्या दिवसापुढं 'नोंद नाही' लिहिलं. दुसऱ्या दिवशी दोन्हींची बेरीज, आणि तसा शेरा. भाकरी घे अजून."

रात्री लॅपटॉप उघडला. गंमत म्हणजे ट्रेंड लॉगलाही हे येतं. तो बंद झाला किंवा कुणी पुसला, तर तो तेही एक नोंद म्हणूनच लिहितो. कंट्रोलरमधली शेवटची ओळ तीच होती: लॉग बंद. ग्राफमध्ये असल्या ओळी घाणेरड्या दिसतात म्हणून आमचं सॉफ्टवेअर त्या लपवतं आणि मधल्या भोकावरून सरळ रेघ ओढतं. लपवायचा तो कोड माझाच. :)

तो काढला. ९०००० टाकलं, 'थांब'ची टिक काढली, रोज रात्री नोंदी सर्व्हरवर जातील असं केलं, आणि तासाभरात नवी नोंद आली नाही तर मला एसएमएस यावा अशी सोय केली. स्क्रिप्ट डिलीट.

सोमवारी रिपोर्ट पाठवला. २३ दिवसांच्या ग्राफमध्ये काहीच नाही, खाली 'नोंद नाही' आणि कारण. अकराला क्लायंटचा फोन आला. अर्धा तास मी फक्त "हो सर" म्हणत होतो. साठ्याचं बिल कुणी भरायचं ते अजून ठरायचंय.