तेच ते, पण निराळ्या शब्दांत

मराठी माणसाला एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगायला शिकवावं लागत नाही. घरातून निघताना तो 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. दुकानदार दुकान बंद करीत नाही, 'वाढवतो'. बायकोच्या हातातली बांगडी कधी फुटत नाही, तीही 'वाढते'. मुलगी बघून गेलेली मंडळी नकार कळवीत नाहीत, 'पत्रिका जुळत नाही' असं कळवतात. एवढी परंपरा पाठीशी असूनही इंग्रजी मजकूर 'आपल्या शब्दांत' लिहायची वेळ आली की हाच माणूस पेनचं टोपण चावू लागतो.

आमच्या पिढीचं इंग्रजी पाचवीला सुरू झालं. ते पहिलीपासून आलं २००० साली, आणि तोवर आम्ही शाळेतून सुटलो होतो. वाक्य बदलायचं म्हणजे 'डू अ‍ॅज डायरेक्टेड' हा प्रश्न सोडवायचा, एवढंच आम्हांला ठाऊक. 'टू' काढा, 'नो सूनर'ने सुरुवात करा, कर्तरीचं कर्मणी करा. या व्यायामाची मुख्य तालीम म्हणजे रेन आणि मार्टिन या जोडीचं व्याकरण. यांतले रेनसाहेब एके काळी मुंबई इलाख्यात शिक्षणखात्यात नोकरीला होते आणि पुढे १९२४ साली 'बो जेस्ट' ही फ्रेंच फौजेतल्या साहसांची कादंबरी लिहून गाजले. साहसं त्यांनी तिकडे वापरली, आमच्या वाट्याला 'टू' ठेवला. 'चहा इतका गरम आहे की पिववत नाही' हे वाक्य आम्ही चार अंगांनी उलटं करीत असू, पण चहा प्यावा की थांबावं, याचा विचार वर्गात कुणी करीत नसे. जोरबैठकांनी दंड भरतात हे खरं, पण खंबाटकीचा घाट चढायचा तर वाटही माहीत असावी लागते.

माझा भाचा पुण्याला एमबीए करतो. दिवाळीत तो बँकांवरचा प्रकल्प-अहवाल घेऊन शिरवळला आला. मामाचा अनुभव हवा असेल, म्हणून मी सरसावून बसलो. त्याला हवी होती फक्त टक्केवारी कमी करून. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. त्यांत प्रबंधातलं १० टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ आहे आणि ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. भाच्याच्या कॉलेजनेही १०चीच कात्री धरली होती, आणि याचा अहवाल ४०च्या पुढे.

यावर त्याचा उपाय सोपा होता. दर शब्द उचलायचा आणि कोशातला दुसरा ठेवायचा. त्यामुळे 'बँक'चं 'शोअर' झालं आणि 'इंटरेस्ट'चं 'क्युरिऑसिटी'. 'बँकेने व्याजदर वाढवला' या साध्या वाक्याचा अर्थ आता 'नदीकाठाने कुतूहलाचा भाव वाढवला' असा होत होता. शिरवळला नीरेचा काठ आहे, नाही असं नाही. पण तिथं मुदतठेव घेत नाहीत. 'करंट अकाउंट'ची 'विजेची हकीकत' करायची तेवढी बाकी होती.

अर्थात आम्हां बँकवाल्यांनाही हसायला जागा नाही. चेक काढणाऱ्याच्या खात्यात पैसे नाहीत, हे न सांगता सांगायला आमच्याकडे 'रेफर टू ड्रॉअर' आहे, म्हणजे 'त्यालाच विचारा'. कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की कर्ज 'अनुत्पादक' होतं. जणू वांझ म्हैस!

पण निराळे शब्द कशासाठी असतात, हे मला आमच्या काउंटरवर एका शेतकऱ्याने शिकवलं. चुलतभावाच्या ट्रॅक्टर-कर्जाला तो जामीन राहत होता. कागदावर 'जॉइंटली अँड सेव्हरली' होतं आणि खाली त्याचं मराठी, 'संयुक्तपणे व पृथकपणे'. त्याने अर्थ विचारला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने ते वाक्य खणखणीत आवाजात पुन्हा वाचलं.

"साहेब, ह्ये मोठ्यांदा झालं," तो म्हणाला, "सोपं न्हाई झालं."

मग मी कागद बाजूला ठेवून सांगितलं. १८७२च्या करार कायद्याच्या १२८व्या कलमाप्रमाणे, वेगळं ठरलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. तुमच्या भावाने भरलं नाही, तर बँक सगळी रक्कम तुमच्या एकट्याकडे मागू शकते. आधी त्याच्या दारात जायलाच हवं, असंही नाही.

त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "म्हंजी ट्रॅक्टर त्येचा, आन् हप्ता माजा."

एवढं नेमकं रूपांतर मी कुठल्याही गाइडात वाचलेलं नाही. त्या दिवशी त्याने सही केली नाही. चार दिवसांनी भावाला घेऊन आला आणि मग केली. सही तीच, पण आता ती कशावर पडते आहे ते दोघांनाही कळलेलं होतं.

ही हकीकत मी भाच्याला सांगितली. म्हटलं, मूळ परिच्छेद मिटून ठेव आणि तो काय म्हणतो ते मामीला सांग. मामीने तीनदा "म्हणजे काय?" विचारलं. तिसऱ्या खेपेला त्याच्या तोंडून सरळ वाक्य निघालं. म्हटलं, हेच इंग्रजीत लिही. मग मूळ उघड आणि ताडून बघ. आकडे, वर्षं, कलमं तीच हवीत. 'बँक' आणि 'इंटरेस्ट' बदलायचे नाहीत, ते धंद्याचे शब्द आहेत, दिवाळीतले कपडे नव्हेत. आणि शब्द तुझे झाले तरी विचार ज्याचा, त्याचं नाव खाली आलंच पाहिजे.

रात्री उशिरा भाचा कुरकुरत आला. "मामा, टक्केवारी उतरली, पण आठ पानांची चारच झाली!"

म्हटलं, "ठीक आहे. उरलेली चार तुला कळली नव्हती की लिहिणाऱ्याला, ते आता शोध."