नावापुरता कोडॅक

माझ्या सॅकच्या चेनला काडेपेटीएवढा एक पिवळा कॅमेरा लटकलेला असतो. कोडॅक चार्मेरा. २०२५मध्ये आलेलं हे खेळणं बंद खोक्यात मिळतं. सातपैकी कुठलं डिझाइन आपल्या वाट्याला आलं ते खोकं फोडल्यावरच कळतं. फोटो १.६ मेगापिक्सेलचे, म्हणजे तुमच्या फोनपुढे अगदीच किरकोळ. तरी मी दोन घेतले. कारण पहिला पिवळा निघाला नाही.

असं बरंच काही आहे माझ्याकडे. फिल्मच्या रोलच्या आकाराची किचेन, पत्र्याचा ट्रे, टीशर्ट, आणि मुंबईच्या चोरबाजारात मिळालेली, आट्यांच्या झाकणाची फिल्मची जुनी धातूची डबी.

गंमत म्हणजे या नावाला मुळात काही अर्थच नाही. जॉर्ज ईस्टमनला ‘के’ हे अक्षर आवडायचं, म्हणून त्यानं ते पुढे-मागे लावून एक शब्द बनवला आणि १८८८मध्ये त्या नावाचा कॅमेरा आणला. १९७५मध्ये याच कंपनीतल्या स्टीव्ह सॅसन या इंजिनिअरनं पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. पण कंपनीची कमाई फिल्मवर होती, आणि २०१२मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनी त्यातून सावरली, पण आज टीव्हीवर, टीशर्टवर जे ‘कोडॅक’ दिसतं ते बहुतेक भाड्यानं दिलेलं नाव असतं. वस्तू दुसरेच बनवतात. माझा चार्मेरासुद्धा.

हे सगळं मी दिवाळीत बार्शीला घरी नेलं. पप्पांचा तिथं फोटो स्टुडिओ होता. २०१०मध्ये बंद केला. मला वाटलं, ते खूश होतील. त्यांनी एक काळी प्लास्टिकची डबी उचलली. करड्या झाकणाची.

“हिला किती दिले?”

“अडीचशे.”

पप्पा हसले. “पोतंभर होत्या आपल्याकडे. तुझी आजी जायफळ ठेवायची त्यात.”

मग मी मुद्द्यावर आले. स्टुडिओवरचा पिवळा बोर्ड कुठंय?

“भंगारात दिला. किलोवर गेला.”

मी हळहळले. ते उठले, माळ्यावरून एक ट्रंक काढायला लावली. आत फोटोंची पिवळी पाकिटं, रबर लावून गठ्ठे केलेली. त्रेसष्ट. लोकांनी न नेलेले फोटो. प्रत्येक पाकिटावर पप्पांच्या अक्षरात नाव, पत्ता, तारीख, ॲडव्हान्स, बाकी.

मी एक पाकीट उलटसुलट करून पाहिलं. छपाई अगदी कोरी होती. “पप्पा, आतले फोटो राहू द्या तुमच्याकडे. मला एक रिकामं पाकीट द्या ना.”

ते एकदम गप्प झाले. मग म्हणाले, “रिकामं एकही नाही त्यात.”

“पण आता कोण येणारे न्यायला?”

“निम्मे पैसे घेतलेत मी त्यांचे.”

रात्री मला झोप लागेना. माझ्या कलेक्शनमधल्या एकाही वस्तूवर कुणाचं नाव नव्हतं. फक्त कंपनीचं होतं.

सकाळी मीच स्कूटर काढली. सोबत एक पाकीट घेतलं: ‘बारसं, वेशीजवळ, २००६. बाकी ५०.’ पप्पा मागे बसले. दोनदा चुकलो, तिसऱ्या घरी काकूंनी दार उघडलं. पाकिटावरचं नाव त्यांचंच.

त्या उंबऱ्यावरच बसल्या. एकेक फोटो बघत गेल्या. एका फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, “या माझ्या सासूबाई. पुढच्याच महिन्यात गेल्या. तेव्हा कुणाला फोटो सुचतात!” आतून एक उंच मुलगा कानातला इअरफोन काढत बाहेर आला. पाळण्यातला तोच.

काकू आत जाऊन पन्नासची नोट घेऊन आल्या. मला वाटलं, पप्पा नको म्हणतील. त्यांनी ती घेतली, खिशातलं पेन काढलं आणि पाकिटावरची ‘बाकी’ खोडली.

पाकीट मी मागितलं नाही. ते काकूंकडेच राहिलं.

अजून बासष्ट आहेत. मी पुन्हा सुट्टी टाकली आहे.