लेह-लडाखचे आठ दिवस

आमच्या अनसिंगच्या माणसाला थंड हवेचे ठिकाण म्हटले की चिखलदरा आठवतो. चिखलदऱ्याची उंची साडेतीन हजार फुटांहून थोडी अधिक. लेह शहर त्याच्या तिपटीने उंच, म्हणजे सुमारे साडेअकरा हजार फुटांवर वसलेले आहे. तेथे जाण्याची कल्पना माझी नव्हे, माझ्या आईची. दीक्षाभूमीला ती दरवर्षी जाते, एकदा बुद्धगयाही करून आली. तेव्हापासून तिचा एकच हट्ट होता, "डोंगरातले बौद्ध कसे राह्यतात, थे एकदा पाहू दे मले." पोस्टात तीन वर्षे आवर्ती ठेव भरली आणि जून २०२३ मध्ये आम्ही निघालो. मी, सौ., आई, दोन मुले आणि वाशीमचे साडू, अशी सहा माणसे.

दिल्लीहून विमानाने लेहला दीड तासाच्या आत पोहोचता येते. पण सखल भागातला माणूस एकदम एवढ्या उंचीवर उतरला की शरीराला सवय होण्यास सवड मिळत नाही. आई सत्तरी ओलांडलेली. म्हणून आम्ही जम्मूपर्यंत रेल्वे, पुढे श्रीनगर, आणि श्रीनगरहून कारगिलमार्गे सडकेने असा सावकाशीचा मार्ग धरला. खर्चही वाचला.

श्रीनगर सोडल्यावर सोनमर्गपर्यंत हिरवळ साथ देते. मग जोझी ला हा सुमारे साडेअकरा हजार फुटांचा घाट येतो. 'ला' म्हणजे खिंड. घाट ओलांडला की झाडे संपतात. उघडे, तपकिरी, जांभळे डोंगर, आणि खाली नदीकाठी तेवढी जवाची हिरवी पट्टी. द्रास येथे १९९९ च्या कारगिल युद्धातील जवानांचे स्मारक आहे. तेथे डोके टेकवून रात्री आम्ही कारगिलला मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी सुमारे चाळीस किलोमीटरवर मुलबेख गाव लागले. सडकेला लागूनच एका उभ्या कातळावर मैत्रेय, म्हणजे भावी बुद्धांची, सुमारे तीस फूट उंच मूर्ती कोरलेली आहे. अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या आपल्या माणसाला ती छिन्नी ओळखीची वाटते. आईने चपला काढल्या आणि सडकेच्या कडेलाच पंचांग प्रणाम केला. पुढे फोतू ला ही साडेतेरा हजार फुटांच्या आसपासची खिंड ओलांडून, लामायुरूचा विहार पाहून, सायंकाळी आम्ही लेहला पोहोचलो.

येथे वाचकांना अनुभवाचे चार शब्द सांगतो. लेहला हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे दोन-तृतीयांशच असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. पहिले दोन दिवस काहीही पाहण्याची घाई करू नये. पडून राहावे, पाणी भरपूर प्यावे, दारूला स्पर्श करू नये. डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे हे होतेच. पण उलट्या थांबत नसतील, बसल्या जागी धाप लागत असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर वाट न पाहता इस्पितळ गाठावे आणि खाली उतरावे. हृदयाचा किंवा दम्याचा आजार असणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. आणखी एक, आपल्याकडचे प्रीपेड सिम तेथे चालत नाही, पोस्टपेड चालते.

आम्ही एका लडाखी कुटुंबाच्या घरी उतरलो होतो. घरमालकिणीला सगळे 'आमा-ले' म्हणत. आमा म्हणजे आई, आणि 'ले' म्हणजे आपल्याकडचा 'जी'. नमस्कार, आभार, निरोप, सर्वांना एकच शब्द, 'जुले'. आईने तो पहिल्याच दिवशी पाठ केला. सकाळी मीठ-लोण्याचा गुरगुर चहा आणि जाड रोटी. तिचे नावच 'खंबीर'. मुलांना हसू आवरेना.

तिसऱ्या दिवशी शहर पाहिले. राजा सेंगे नामग्यालच्या काळातला, सतराव्या शतकातला नऊ मजली राजवाडा गावाच्या डोक्यावर उभा आहे. त्याच्या पायथ्याशी बाजार. बाजारात जुनी जामा मशीद आहे आणि जवळच बौद्धांचे विहार. फुटपाथवर बायका भाजी आणि सुकवलेली जर्दाळू विकायला बसतात. शहराबाहेरच्या टेकडीवर पांढराशुभ्र शांती स्तूप आहे. जपानी भिक्खू ग्योम्यो नाकामुरा यांच्या पुढाकाराने १९८३ मध्ये काम सुरू झाले आणि १९९१ मध्ये तो पूर्ण झाला. पायऱ्या पाचशेच्या वर आहेत, मात्र वरपर्यंत सडकही जाते. आईला आम्ही गाडीने नेले. सूर्य मावळताना तेथून समोरचे बर्फाचे डोंगर केशरी होताना पाहिले.

पुढील दिवसांत सिंधू नदीच्या काठाने शे, ठिकसे आणि हेमिस हे विहार पाहिले. शे येथे तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली शाक्यमुनी बुद्धांची भव्य मूर्ती आहे. ठिकसे येथील मैत्रेयाची बसलेली मूर्ती जवळजवळ पन्नास फूट उंच, दोन मजले व्यापणारी. दलाई लामांच्या १९७० मधील भेटीच्या स्मरणार्थ ती घडवली गेली. निम्मू येथे सिंधू आणि झंस्कार या नद्यांचा संगम आहे. एक गढूळ, एक हिरवट. थोडा वेळ शेजारी शेजारी वाहतात, मग एक होतात. लेहला वर्षभरात जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. शेती चालते ती वितळत्या बर्फाच्या पाण्यावर. गावात पाण्याची पाळी ठरवणारा माणूस असतो, त्याला 'चुरपोन' म्हणतात. दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या गावांना यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

एक दिवस खारदुंग ला खिंडीत गेलो. फलकावर पूर्वी १८,३८० फूट लिहिलेले असे, मोजमापानुसार खरी उंची १७,५८२ फूट भरते. तेथे पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. वाटेत सडक दुरुस्त करणारे मजूर दिसले, तोंडाला फडके बांधून खडी फोडत होते. विचारले तर झारखंडचे. आपण ज्या सडकेवर फोटो काढतो ती कोणाच्या हातांनी झाली, हे मुलांना मुद्दाम दाखवले.

आईला खारदुंगला नेले नव्हते. ती आमा-लेबरोबर घरीच होती. परतलो तेव्हा दोघी जवळच्या मैदानात तिरंदाजीच्या मेळ्याला गेल्याचे कळले. उन्हाळ्यात तेथील गावांत असे मेळे भरतात. आम्हीही गेलो. एकीकडे बाण सुटत होते, दुसरीकडे दामन नावाचा नगाऱ्यासारखा जोड-ढोल आणि सुरणा, म्हणजे सनई, वाजत होती. तंबूत लोक मानाप्रमाणे रांगेने बसलेले. आई मला म्हणाली, "बापू, वाजवणारे थे लोक असे दाराजवळ काऊन बसले? गालिचाही नाई त्यायले."

मी आमा-लेच्या मुलाला विचारले. तो शिक्षक आहे. थोडा अवघडला, पण त्याने खरे सांगितले. वाजवणारे मोन. लोहारकाम करणारे गारा. फिरून वाजवणारे बेडा. यांची जागा रांगेच्या शेवटी, आणि बाकीचे लोक त्यांच्याशी लग्नसंबंध करीत नाहीत. दामन वाजल्याशिवाय शुभकार्य होत नाही, पण वाजवणारा खाली. १९८९ मध्ये लडाखमधील ज्या आठ जमातींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, त्यांत या तिघांचीही नावे आहेत. तो शिक्षक म्हणाला, "आम्ही तरुण हे मोडायला बघतो. थोडे मोडलेही आहे, सगळे नाही."

वादन थांबल्यावर मी एका वयस्क वादकाशी हिंदीत बोललो. त्याचा मुलगा टॅक्सी चालवतो. दामन शिक म्हटले तर म्हणतो, वाजवले की खाली बसावे लागते. म्हाताऱ्याला मुलाचे पटत होते, आणि आपल्या चाली आपल्याबरोबर जाणार याचे दुःखही होते.

त्या रात्री आईला झोप नव्हती. तिने माझ्या आजोबांची गोष्ट सांगितली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर त्यांनी पाटलाच्या दारी डफडे वाजवणे सोडले आणि त्या वर्षी घरात धान्य आले नाही. "बुद्ध हजार वर्षांपासून इथं हायेत," ती म्हणाली, "तरी रांग राह्यलीच न बापू." मला त्याचे उत्तर सुचले नाही. विहार आहेत, मूर्ती आहेत, माणसे मनाने प्रेमळ आहेत. पण रिवाज आपण होऊन जात नाही, तो कोणीतरी ठरवून सोडावा लागतो. बाबासाहेबांनी आपल्याकडून बावीस प्रतिज्ञा का वदवून घेतल्या, हे मला लेहच्या त्या तंबूत नव्याने समजले.

लडाखी बांधवांना नावे ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. घरी परतल्यावर मी आपल्याच पंगतीकडे पाहिले. सोयरीक पाहताना पोटजात विचारणारे आपल्यात आहेत. आणि आपल्या लग्नात बँड वाजवणारी पोरे सर्वांत शेवटी, उरलेल्या भाजीवर जेवतात, हे मी कितीदा पाहिले होते आणि कधी बोललो नव्हतो.

मे २०२४ मध्ये माझ्या पुतणीचे लग्न अनसिंगला झाले. मंगल परिणय उरकल्यावर पहिल्या पंगतीची पाने मांडली गेली, तेव्हा आई उठली आणि बँडच्या पोरांना हाताला धरून घेऊन आली. दोघे-तिघे पाहुणे कुरकुरले. आईने त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. पोरे आधी लाजली, मग पोटभर जेवली.

लेहला जरूर जा. दोन दिवस विश्रांती घ्या, डोंगर डोळे भरून पाहा, विहारात माथा टेकवा. आणि कोण कोठे बसले आहे, तेही पाहून या. जयभीम!