कारध्याच्या पुलावरून

भंडाऱ्यात पाहण्यासारखे काय आहे, असे पुण्यामुंबईचे वाचक विचारतील. वैनगंगा आहे, तलाव आहेत, पितळी भांड्यांची जुनी कीर्ती आहे. मला मात्र तेथल्या पुलावरची एक पहाट सांगायची आहे.

२८ जानेवारी २०२५ रोजी मी मावसबहिणीकडे निघालो होतो. नागपूरहून येणारी एस.टी. जवाहरनगरपाशी आली आणि गाडीतली बडबड आपोआप थांबली. चारच दिवसांपूर्वी तेथल्या आयुधनिर्माणीत स्फोट झाला होता. सकाळी घरून डबा घेऊन निघालेले आठ कामगार त्या दिवशी परतले नव्हते.

दुसऱ्या दिवशी भाच्याने अंधारातच हलवून उठवले. "मामा, चला! आज श्रीहरिकोट्याचे शंभरावे उड्डाण!" घरच्यांची झोपमोड नको, म्हणून आम्ही कारध्याच्या पुलावर गेलो. नदीवर धुके होते. ६ वाजून २३ मिनिटांनी भाच्याच्या फोनवर जी.एस.एल.व्ही. अग्निबाण उसळला. त्याच्या माथ्यावर होता एन.व्ही.एस.-०२, आपल्या 'नाविक' मालिकेतला उपग्रह.

भाचा अभियांत्रिकी शिकतो. मी पडलो मराठीचा मास्तर. तो म्हणाला, "मामा, हा उपग्रह वाट दाखवत नाही, वेळ सांगतो." चार उपग्रहांचे संदेश किती उशिराने पोचले, यावरून आपला ठिकाणा निघतो. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले, तरी अंतर तीनशे मीटरनी चुकते! म्हणून त्यात देशात घडवलेले रुबिडियमचे अणुघड्याळ बसवलेले. नाविकची एक सेवा तुम्हाआम्हाला खुली, दुसरी सांकेतिक, सैन्यासारख्यांसाठी राखलेली. १९९९ च्या कारगिल युद्धात परक्यांच्या उपग्रहांची माहिती आपल्याला मिळाली नाही, असे सांगतात. तेव्हापासून स्वतःच्या उपग्रहांची निकड अधिकच भासू लागली. हा उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून दिवसाला एक फेरी घालणार होता. कक्षा तिरपी, म्हणून जमिनीवरून पाहता आकाशात इंग्रजी आठचा आकडा गिरवणार होता.

टपरीवर चहा घेताना शेजारी एक ढिवर बसला होता. "काय पाह्यता जी?" त्याने विचारले. भाच्याने उत्साहाने सारे सांगितले.

"मंग पोचला का?"

"सुटला की, काका! अगदी बिनचूक."

"सुटला म्हनजे पोचला नाही जी. डोंगा पलीकडच्या थडीले लागला पायजे."

आम्ही हसलो.

३ फेब्रुवारीला परत निघालो, तेव्हा एस.टी.त शेजाऱ्याच्या वर्तमानपत्रात बातमी होती. अग्निबाणाने आपले काम चोख केले होते. पण उपग्रहाच्या इंजिनाला ज्वलनासाठी लागणारे द्रव्य सोडणाऱ्या झडपा उघडल्याच नव्हत्या. त्यामुळे कक्षा उंचावता येईना. पृथ्वीपासून काहीशे किलोमीटरवर यायचे आणि पुन्हा छत्तीस हजारांपर्यंत जायचे, अशा लांबट वाटेवर तो फिरत राहिला होता. इतरांना वाट दाखवायला निघालेल्याला स्वतःचाच मुक्काम गाठता आला नव्हता!

मला ढिवराची थडी आठवली. आपण टाळ्या वाजवतो त्या सुटण्याच्या क्षणाला. पुढे सारे अवलंबून असते एका झडपेवर, ती बसवणाऱ्या हातांवर. देशाच्या संरक्षणाचे नाव घेतले की आपण आकाशाकडे पाहतो. पण तेच काम जमिनीवर, दारूगोळ्यापाशी उभे राहून करणारी माणसे संध्याकाळी घरी पोचली की नाही, हे कोण मोजतो?

गाडी जवाहरनगरपाशी आली. फोनवरच्या नकाशात आमचा ठिपका अचूक सरकत होता. पुढच्या बाकावरच्या बाईंनी खिडकीबाहेर पाहून हात जोडले. मी फोन खिशात ठेवला आणि हात जोडले.