खालचा हात सैल सोडा

टेनिस बॉलवर वाढलेला मुलगा लेदर बॉलसमोर उभा राहिला की दोन षटकांत त्याच्या सवयी उघड्या पडतात. टेनिस बॉलचं वजन 56 ते 59 ग्रॅम, लेदर बॉलचं 156 ते 163. हलका बॉल नुसत्या दंडाच्या जोरावर ओढून मिडविकेटबाहेर धाडता येतो. जड बॉलला तसंच ओढलं की बॅट हातात फिरते आणि मिडऑनला सोपा झेल जातो. बीडमध्ये क्रीडाशिक्षक म्हणून काम करताना संध्याकाळच्या नेटवर मी हा झेल इतक्यांदा पाहिला, की पुढे फलंदाजाची पकड बघूनच तो कुठे उडणार हे कळू लागलं.

नेटवर शाळेतली मुलं येतात, तसे रविवारी मोठेही येतात. कुणी बँकेतले, कुणी एसटीतले, कुणी अडत दुकानातले. वयं वेगळी असली तरी चुका त्याच असतात आणि सगळ्यांत पहिली चूक खालच्या हाताची. उजव्या फलंदाजाचा डावा हात दांड्यावर वर असतो. बॅटला दिशा तो देतो. उजव्या हाताचं काम शेवटच्या क्षणी, बॉल लागताना. पण उजवा हात सवयीने बलवान, म्हणून तो सुरुवातीपासूनच कारभार हाती घेतो. तळहात दांड्यावर आवळला की मनगट अडकतं, खांदा बॅट बाहेरून आणतो आणि बॅटचं तोंड बॉल यायच्या आतच लेगकडे वळून जातं.

वडवणीकडचा एक विद्यार्थी मला या बाबतीत फार आठवतो. आई-वडील दसरा झाला की टोळीबरोबर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जायचे आणि सुट्टी लागली की तोही कोपीवर जाऊन कोयता चालवायचा. त्याच्या उजव्या हातात विलक्षण ताकद होती आणि तीच त्याच्या ड्राइव्हच्या आड येत होती. त्याला मी जुनी, हलकी बॅट दिली आणि फक्त डाव्या हाताने खेळायला लावलं. मी जवळून, काखेखालून बॉल टाकायचो, त्याने तो जमिनीलगत समोर ढकलायचा.

दोन-चार बॉल खेळून तो म्हणाला, “सर, असं खेळल्यावर जोरच लागंना.”

“जोर लावूच नको, बाळा. बॅट खाली येऊ दे.”

डावा हात सरळ रेषेत यायला लागल्यावर उजवा हात पुन्हा दांड्यावर घेतला, पण फक्त अंगठा आणि तर्जनी. बाकी बोटं सैल. मग मी त्याला कोयत्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, नुसत्या हाताने घाव घातला तर दुपारीच हात भरून येतो. पाय रोवून, कमरेतून घाव घातला की ऊस बुडातून तुटतो. मी म्हटलं, ड्राइव्हही तसाच मारायचा. ही गोष्ट त्याच्या अंगात आधीपासून होती, बॅट हातात आल्यावर तो तिला विसरत होता एवढंच.

गोल्फ मी कधी खेळलो नाही, पण गोल्फचं शिकवणं मला फार उपयोगी पडलं. बेन होगन यांचं ‘फाइव्ह लेसन्स’ हे 1957चं पुस्तक स्विंगवरचं मूलभूत पुस्तक मानलं जातं. क्लब वर गेल्यावर खाली येताना सुरुवात हातांनी करायची नाही, कमरेने करायची, हे ते आग्रहाने सांगतं. आधी कंबर वळते, मग खांदे, मग दंड आणि सर्वांत शेवटी हात. प्रत्येक भाग आपला वेग पुढच्याला देत जातो, म्हणून टोकाशी वेग सर्वाधिक होतो. हौशी खेळाडू हा क्रम उलटा करतो आणि वेग बॉलपाशी पोचायच्या आतच संपवतो. क्रिकेटमध्ये बॉल हलता असतो, त्यामुळे फलंदाज गोलंदाजाला किंवा खेळपट्टीला दोष देऊ शकतो. गोल्फमध्ये बॉल जागेवर स्थिर असतो. म्हणून चूक कशामुळे झाली हे शोधायची शिस्त गोल्फवाल्यांकडे जास्त आहे.

डोक्याची चूकही दोन्ही खेळांत सारखीच. फटका कुठे गेला हे बघायच्या घाईत डोकं आधीच वर येतं, खांदा उघडतो आणि बॉल बॅटच्या कडेला लागतो. रविवारी येणाऱ्या मंडळींना मी एकच सांगतो : बॉल गेल्यावरही तो जिथे बॅटला लागला तिथे क्षणभर नजर ठेवा. दुसरा दोष डोकं ऑफ साइडला झुकण्याचा. तसं झालं की पायावरचा सरळ बॉल निसटतो आणि फलंदाज पायचीत होतो. त्यावर उपाय पुढच्या पायाचा. तो आडवा न टाकता बॉलच्या रेषेच्या किंचित आत टाकायचा, म्हणजे बॅटला यायला वाट राहते आणि दोन्ही डोळे एका पातळीत राहतात.

हे सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. बॅट सरळच येते असं प्रत्येकाला वाटत असतं. मोबाइल एकदा समोरून, एकदा बाजूने ठेवून मंद गतीत चित्रण दाखवलं की वाद संपतो.

दुरुस्ती मात्र एका वेळी एकच. पकड, पाय, डोकं सगळं एकदम सांगितलं तर बॉल येईपर्यंत मुलगा विचारातच अडकतो. ताशी 120 किलोमीटर वेगाचा बॉल जेमतेम अर्ध्या सेकंदात येतो, तेवढ्यात सूचना आठवत नाहीत. जे अंगवळणी पडलंय तेच घडतं. नवी पकड बसेपर्यंत धावा घटतात. त्या दिवसांत मुलाच्या पाठीशी उभं राहणं हे शिक्षकाचं खरं काम.

काय बदलू नये हेही ओळखावं लागतं. सांगलीत जन्मलेले विजय हजारे बॅट दोन्ही पॅडच्या मध्ये धरून उभे राहायचे. पुस्तकात न बसणाऱ्या त्या ढबीतून त्यांनी जानेवारी 1948मध्ये ॲडिलेड कसोटीच्या दोन्ही डावांत शतकं काढली, 116 आणि 145. ब्रॅडमन लहानपणी पाण्याच्या टाकीच्या विटांच्या चौथऱ्यावर गोल्फचा बॉल आपटून स्टंपने खेळत वाढले. त्यांची बॅट मागे स्लिपच्या दिशेने जायची. उभं राहण्याची ढब ज्याची त्याची असते. बॉलला बॅट लागते त्या क्षणी डोकं स्थिर आणि बॅटचं तोंड सरळ आहे का, एवढंच तपासावं.

इथे टर्फची खेळपट्टी नाही, ही आमच्या नेटवरची नेहमीची तक्रार. पण 6 फेब्रुवारी 2024 रोजी बेनोनीत एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 245 धावांचा पाठलाग करताना भारताची अवस्था 4 बाद 32 होती. तिथून बीडच्या सचिन धसने 95 चेंडूंत 96 धावा काढल्या आणि कर्णधार उदय सहारनसोबत 171 धावांची भागी केली. सचिन घडला तो बीडमधल्या अर्ध्या खेळपट्ट्यांवर, शेख अझहर यांच्या शिकवणीत. त्या दिवसानंतर आमच्या नेटवर “सर, इथं टर्फ न्हाई” ही तक्रार कमी झाली.

टर्फ यायला हवं, त्यासाठी मागणी करतच राहू. पण सैल पकड, स्थिर डोकं आणि पाय-कंबर-हात हा क्रम यासाठी भिंत, जुनी बॅट आणि जवळून बॉल टाकणारा एक माणूस पुरतो. हा माणूस प्रत्येक तालुक्याच्या मैदानावर रोज संध्याकाळी उभा राहिला, तर पुढच्या मुलांना चुका पक्क्या होण्याआधीच गाठता येईल.